एका ठिपक्याचं इंजिन

टेम्पोची मागची फळी धाकट्याने लावली, कडी ओढून पाहिली, शेडच्या दारापर्यंत आला आणि पुन्हा मागे जाऊन कडी ओढून पाहिली. टेम्पो रिकामा होता. त्यातला बंद पडलेला ट्रॅक्टर मघाशीच उतरवून शेडमध्ये ढकलला होता. आता पडण्यासारखं आत काही नव्हतं.

"आले पुन्हाबघ," वहिनी शेडच्या खिडकीतून म्हणाल्या. आवाज हळू, पण ऐकू जाईल इतका.

मधली बहीण हसली. तिला हसायचं नव्हतं, पण या नावावर हसायची सगळ्या घरालाच सवय होती. धाकटा स्वतःही हसायचा. गॅसचं बटण, दाराची कडी, नळाची चकती, एकदा बघून त्याचं कधी भागलं नाही. त्याची बायको म्हणायची, ह्यांच्यासोबत बाहेर पडायचं म्हणजे कोपऱ्यावरून परत यायच्या तयारीनेच. नोकरीसुद्धा त्याने तशीच शोधली होती. इमारतींच्या लिफ्ट तपासायच्या, आणि तपासल्या की पुन्हा तपासायच्या.

इतक्या वर्षांनी तो या शेडमध्ये पाऊल टाकत होता. वडील, अण्णा, गेले तेव्हाही आला होता, पण फाटकाच्या आत फारसा न येता कडेला उभा राहून गेला. आज आला तो मधलीच्या फोनमुळे. थोरल्या भावाच्या गवत कापायच्या ट्रॅक्टरचं इंजिन आतून तुटलं होतं. कॅमशाफ्टचे, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याचे, दात गेले होते आणि तसला कॅमशाफ्ट आता कुठल्या दुकानात मिळत नव्हता. मिळाला तर एकाच ठिकाणी मिळणार होता. धाकट्याच्या अंगणात ताडपत्रीखाली पडलेल्या, तशाच दुसऱ्या ट्रॅक्टरमध्ये.

"घेऊन येतो," धाकटा म्हणाला होता. मध्ये श्वाससुद्धा घेतला नव्हता.

आईला मात्र हे पसंत नव्हतं. "जुनं कशाला उकरायचं?" ती सकाळपासून म्हणत होती. "नवीन गाडी घ्या एखादी."

"ही अण्णांनी हाताने लावून दिलेली गाडी आहे आई," थोरला म्हणाला. "हॉस्पिटलच्या मैदानातलं गवत कापायला मी दुसरी गाडी फिरवणार नाही."

त्यावर आईने डोळे मिटले. काही बोलायच्या आधी ती नेहमी असे डोळे मिटायची. पण या वेळी उघडले तेव्हा ती उठून ताटं मांडायला गेली.

जेवणं झाली. थोरला झाकणाखाली बसवायचं गॅस्केट आणायला बाजारात गेला. आईने धाकट्याला घरात बसवून घेतलं. शेडमध्ये मधली आणि वहिनी राहिल्या. टेबलावर शेजारी शेजारी दोन इंजिनं उताणी ठेवली होती. एक कालपरवापर्यंत चालणारं, एक कधीचं जळून गेलेलं. दोन्ही एकाच दिवशी या घरात आली होती, जुळ्यांसारखी. अण्णांनी एक ट्रॅक्टर थोरल्याला दिला, एक धाकट्याला, आणि मधलीला म्हणाले, "तू दोन्ही बघायचेस." तेच ती आजवर करत आली होती. अण्णा होते तोवर इंजिनाचं पोट मात्र तेच उघडायचे.

जळक्या इंजिनापासून तिने सुरुवात केली. खालच्या झाकणाचे बोल्ट काढून वहिनींच्या रॉकेलच्या ताटलीत टाकले. झाकण चिकटलं होतं. लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकलं तेव्हा ते खरवडल्यासारखा आवाज करून सुटलं.

"बाई गं," वहिनी वाकून बघत म्हणाल्या. "कोळसाच झालाय."

क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, निळा-काळा पडला होता. त्याला धरणारा रॉड वितळून त्याच्यावरच जाम बसला होता. तेल नसलेल्या इंजिनात हेच होतं. कॅमशाफ्ट मात्र शाबूत होता, दात न् दात. मधलीला बरं वाटलं. तिने रॉकेलचा बोळा घेतला आणि रॉडच्या टोपीवरून सवयीने फिरवला. काजळी निघाली. खाली ठिपका दिसला.

एकच ठिपका.

अण्णांची एक रीत होती. नवीन इंजिनसुद्धा ते आधी उघडून बघायचे, मगच सुरू करायचे. हे दोन ट्रॅक्टर आले तेव्हा विकणारा माणूस दाराशी उभा राहून हात जोडत होता, की साहेब, उघडलंत तर कंपनी भरपाई देणार नाही. अण्णा म्हणाले, मी मागणारही नाही. दोन्ही इंजिनं उघडली आणि आतल्या रॉडच्या टोपीवर पंचाने, म्हणजे टोकदार छिन्नीने, ठिपके मारले. थोरल्याच्या इंजिनाला एक, धाकट्याच्या इंजिनाला दोन. रॉड आणि क्रँक एकमेकांना झिजून बसलेले असतात, अदलाबदल झाली की दोन्ही वाया, असं त्यांचं म्हणणं. पंच धरायला मधलीच होती.

तिने बोळा पुन्हा फिरवला. वाटलं, दुसरा ठिपका काजळीखाली असेल. मग नखाने खरवडलं. मग खिडकीकडे वळवून पाहिलं.

"काय झालं, वन्सं?"

"काही नाही."

ती दुसऱ्या इंजिनाकडे गेली. बोल्ट काढले. झाकण उघडलं, आत तेलात कॅमशाफ्टचे तुटलेले दात चमकत होते. तिने ते बाजूला सारले आणि थोरल्याच्या इंजिनातल्या रॉडची टोपी पुसली.

शेजारी शेजारी दोन ठिपके. काल मारल्यासारखे.

मधली टेबलाची कड धरून उभी राहिली. वहिनींनी एकदा या टोपीकडे पाहिलं, एकदा त्या. घरात सगळ्यांनाच ठिपक्यांची गोष्ट माहीत होती. अण्णा ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे.

"म्हणजे हे चालणारं इंजिन..." वहिनींनी दोन ठिपक्यांकडे बोट केलं. "हे भावोजींचं?"

मधलीने मान हलवली.

"आणि जळलं ते ह्यांचं?"

धाकट्याच्या गाडीचं इंजिन जळालेलं सापडलं त्या सकाळी याच शेडमध्ये, याच टेबलापाशी अण्णांनी सगळ्यांदेखत धाकट्याच्या गाडीतली तेल बघायची पट्टी ओढून काढली होती. कोरडी ठक्क. ती त्याच्यासमोर धरून म्हणाले होते, "हे काय?" धाकटा म्हणाला, "मी तेल घातलं होतं." "मग गेलं कुठे?" हॉस्पिटलच्या मैदानाचं काम त्या दिवशी थोरल्याकडे गेलं आणि मग सगळंच थोरल्याकडे गेलं. धाकटा वर्ष-दीड वर्ष घरात पाहुण्यासारखा, सगळं दोनदा बघत वावरला आणि एके दिवशी ती जळकी गाडी घेऊन निघून गेला. गाडी कशाला नेतोस, असं मधलीने विचारलं होतं. "माझी आहे ना," तो म्हणाला होता.

"वन्सं, झाकून टाका," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"झाकण लावून टाका. तुम्हाला कॅमशाफ्टच हवाय ना? तो ह्यातून काढा, त्यात बसवा, बंद करा. कोणाला कळणार आहे? सासरे गेले. आता ह्यांच्या जिवाला हे लागलं तर ते उभे राहायचे नाहीत. मी ओळखते ना त्यांना."

वहिनींचं खरं होतं. काम तेवढंच होतं. दोन्ही झाकणं बसवली की ठिपके पुन्हा अंधारात जाणार होते, आणि धाकटा संध्याकाळी टेम्पोची कडी दोनदा ओढून आपल्या घरी जाणार होता. कोणाचं काही बिघडणार नव्हतं. ज्याचं बिघडायचं होतं त्याचं केव्हाच बिघडून झालं होतं.

दारात पावलं वाजली. वहिनींनी हातातलं फडकं पटकन दोन्ही टोप्यांवर टाकलं.

धाकटा चहाचे कप घेऊन आला होता. "आई झोपली म्हणते, पण डोळे मिटून नुसती पडलीय," तो म्हणाला. कप ठेवले आणि टेबलाखाली वाकला. "ताई, तेल निथळायचा प्लग आवळून घेतलास ना? नंतर राहून जातो."

"अजून भरायला अवकाश आहे रे."

"हो, पण बघून ठेव." मग स्वतःच ओशाळून हसला. "सवय गं. एकदा विसरलो, तेव्हापासून ह्या डोक्याचा भरवसा वाटत नाही. गंमत म्हणजे मला अजून आठवतं. डबा तिरका धरलेला, तेलाचा ओघळ मनगटापर्यंत आलेला, तो मी पँटला पुसला आणि आई ओरडली. आता बोल. जे घडलंच नाही ते इतकं स्वच्छ दिसतं. असं डोकं असल्यावर माणसाने दोनदा बघू नये तर काय करावं?"

वहिनींनी मान फिरवली.

मधलीच्या मनात आलं, देवा, हा एवढा काळ हे घेऊन जगला. आळ तर होताच, पण आळापेक्षा हे वाईट. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं मानून हा इमारतीइमारतींतल्या लिफ्ट तपासत हिंडला, आणि आपण त्याला नाव ठेवून हसलो.

तिने फडकं उचललं.

"हे बघ," ती म्हणाली. "हे तुझ्या गाडीतलं. आणि हे दादाच्या."

धाकट्याने पाहिलं. जळक्या टोपीवरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग दुसऱ्या इंजिनाशी जाऊन तिथल्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. पुन्हा पहिल्याकडे आला, पुन्हा दुसऱ्याकडे गेला. कोणी हसलं नाही. चहावर साय धरली.

"अण्णांना अख्खं इंजिन बदलता आलं असेल?" त्याने विचारलं.

"चार बोल्ट आणि एक पट्टा. बोनेट, टाकी ज्याची त्याला."

तो उलट्या खोक्यावर बसला. हात गुडघ्यांवर ठेवले. चेहऱ्यावर राग नव्हता. चालत्या माणसाखालची जमीन कोणी हळूच काढून घ्यावी आणि त्याने पडायचंही विसरून जावं, तसा तो दिसत होता.

"मी तेल घातलं होतं," तो म्हणाला. कोणाला सांगत नव्हता. "घातलं होतं मी."

थोरला गॅस्केटची पिशवी हलवत आला. "मिळालं एकदाचं. दुकानदार म्हणतो, हे मॉडेल आता संग्रहालयात..." तो थांबला. सगळ्यांचे चेहरे पाहिले, मग टेबलाकडे पाहिलं. त्याला सांगावं लागलं नाही. ठिपके त्यालाही वाचता येत होते.

"अण्णा चुकले असतील," तो म्हणाला. "ठिपके मारताना."

"पंच माझ्या हातात होता, दादा. हा एक, हे दोन. मोजून."

"मग नंतर कधीतरी..." थोरला पिशवी खाली ठेवायला वाकला आणि तसाच अर्धवट वाकलेला राहिला. "खडखड होती," तो म्हणाला.

"कसली?" वहिनींनी विचारलं.

"आदल्या संध्याकाळी. माझ्या गाडीत. अण्णांना म्हटलं, बघा जरा, आवाज येतोय. सकाळी म्हणाले, प्लग होता, बदललाय. गाडी त्या दिवशी लोण्यासारखी चालली. मी विचारलंसुद्धा, प्लगने एवढा फरक पडतो? म्हणाले, चल कामाला."

"आणि तू गेलास," मधली म्हणाली.

"गेलो." त्याने कपाळ चोळलं. "आदल्या दुपारी तेल काढून ठेवलं होतं मी. नवीन भरायचं होतं. मध्येच कोणीतरी हाक मारली आणि परत आल्यावर गाडी तशीच..."

वहिनींनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू ओळखीच्या घरात शिरावं आणि आतली भिंतच जागेवर नसावी.

"त्या रात्री बॅटरीचा उजेड मी धरला होता."

आई दारात उभी होती. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. कधीपासून उभी होती कोणास ठाऊक.

"काय म्हणालीस?" मधलीने विचारलं. आपल्याला ऐकू आलं, पण कळलं नाही असं तिला वाटलं. अण्णांनी हे केलं इथवर तिचं मन कसंबसं पोचलं होतं. त्याच्या पलीकडे जायला तयार नव्हतं.

"थोरल्याची गाडी त्यांनी सुरू करून पाहिली आणि त्यांच्याच हातात ती जाम झाली. पट्टी काढली तर कोरडी. खूप वेळ बसून राहिले. मग म्हणाले, बॅटरी घेऊन ये. मी धरली." आईने डोळे मिटले नाहीत. एकेकाकडे बघत बोलत होती. "मी म्हटलं, अहो, असं नका करू. तर म्हणाले, धाकट्याला कुठेही टाक, तो उभा राहील. थोरला एकदा खाली बसला की उठायचा नाही. घर ह्याच्यावर उभं करायचंय, ह्याला आत्ताच मोडू द्यायचं नाही."

शेडवरच्या पत्र्यावर एक पक्षी नखं वाजवत फिरला.

"म्हणजे अण्णांना मी असा वाटायचो," थोरला म्हणाला. तो आता सरळ उभा होता, पण भिंतीला टेकून. "मोडलो असतो की नाही, ते मला बघू तरी द्यायचं होतं आई. इतकी वर्षं मी समजत होतो, आपण कामात चोख म्हणून काम आपल्याकडे आहे."

"तू चोख आहेस रे."

"कोणाच्या इंजिनावर?"

मधलीने धाकट्याकडे पाहिलं. आता तो बोलेल, त्याचा हक्क आहे, वाट्टेल ते बोलेल, असं तिला वाटलं. तो बोलला ते अगदी शांतपणे.

"आई, मी जाताना गॅस दोनदा बघायचो, तेव्हा तू हसायचीस."

आईचे ओठ हलले. "सगळे हसायचे म्हणून," ती म्हणाली, आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

तिला उठवायला आधी कोणीच हललं नाही. मग वहिनीच उठल्या, पण आईकडे गेल्या नाहीत. हात रॉकेलचे होते, ते तसेच पुढे धरून धाकट्यासमोर उभ्या राहिल्या.

"भावोजी, ते नाव मी ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि मघाशी हे झाकून टाका असंही मीच म्हटलं वन्संना."

धाकट्याने वर पाहिलं. "नाव चांगलं होतं वहिनी," तो म्हणाला. "लिफ्टच्या कंपनीतसुद्धा तेच चालतं." त्याने हसायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यावर सुटला, आणि तो तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिला. मग उठला, आईच्या काखेत हात घालून तिला उभं केलं आणि त्याच खोक्यावर बसवलं. तिने त्याचा हात धरून ठेवायला पाहिलं. त्याने तो हळूच सोडवून घेतला. झटकला नाही.

"बसव ताई," तो म्हणाला.

"काय बसवू?"

"कॅमशाफ्ट. त्यासाठीच आणलाय ना मी."

"माझ्या गाडीत नको," थोरला म्हणाला. "इंजिन त्याचं आहे. त्याच्या गाडीत बसवा. मैदानाचं काय करायचं ते मी बघतो."

"दादाच्याच गाडीत बसव," धाकटा मधलीलाच म्हणाला, जणू थोरल्याशी बोलायचे शब्द अजून हाताशी आले नव्हते. "मला उद्या कामावर जायचंय. मला हे मैदान नकोय. मला जे हवं होतं ते मघाशी मिळालं."

मधली कामाला लागली. दुसरं काय करावं ते तिला सुचत नव्हतं. जळक्या इंजिनातून कॅमशाफ्ट काढून धुतला, तेल लावलं. चालणाऱ्या इंजिनाच्या पोटातले तुटके दात एकेक करून चिमट्याने टिपले. कॅमशाफ्ट आत बसवला, त्याच्या दातावरची रेघ क्रँकच्या रेघेसमोर आणली. वहिनींनी न सांगता नवं गॅस्केट सोलून पुढे केलं. थोरल्याने बोल्ट आवळले. दोन भाऊ एका इंजिनाच्या दोन बाजूंना उभे होते, एकमेकांच्या हातांकडे बघत, चेहऱ्यांकडे नाही. उन्हाची तिरीप टेबलावरून उतरून जमिनीवर आली.

जळक्या इंजिनाचा उरलेला सांगाडा मधलीने भंगाराच्या पिंपाकडे नेला.

"ते टाकू नकोस," थोरला म्हणाला.

"कशाला हवंय? काही कामाचं नाही उरलं त्यात."

"माझं आहे ते."

इतक्या वर्षांपूर्वी याच वाक्याने एक जण हे घर सोडून गेला होता. मधलीने सांगाडा परत टेबलावर ठेवला.

इंजिन गाडीवर चढलं. तेलाचा डबा वहिनींनी उघडला आणि काय वाटलं कोणास ठाऊक, धाकट्यापुढे धरला. त्याने घेतला. डबा तिरका धरून तो सावकाश ओतू लागला. तेलाचा एक ओघळ डब्याच्या काठावरून त्याच्या मनगटापर्यंत आला. तो थबकून त्याच्याकडे बघत राहिला. मग मनगट पँटला पुसलं.

खोक्यावर बसलेल्या आईने तोंडावर पदर धरला.

त्याने पट्टी काढली, पुसली, आत घातली, काढून पाहिली. तेल खुणेपर्यंत होतं. पट्टी परत घालून बूच फिरवलं. सगळे थांबले. घरातल्या प्रत्येकाला आता पुढे काय होतं ते पाठ होतं. तो बूच पुन्हा उघडणार, पट्टी पुन्हा काढणार.

धाकटा हात पुसत बाजूला झाला.

"पुन्हा बघायचं नाही?" थोरल्याने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, भीती होती.

"बघितलंय मी," धाकटा म्हणाला.

थोरल्याने खिशातून किल्ली काढली आणि त्याच्यासमोर धरली. धाकट्याने ती घेतली नाही. पहिल्यांदाच त्याने थोरल्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"तूच लाव दादा. फक्त आवाज ऐक नीट."

थोरला गाडीवर बसला नाही. बाजूला उभं राहूनच त्याने किल्ली फिरवली. इंजिन एकदा अडखळलं, धूर सोडला आणि एका लयीत चालू लागलं. वहिनी काही म्हणाल्या, ते कोणाला ऐकू आलं नाही. थोरला मान खाली घालून, बोनेटवर तळवा टेकून ऐकत होता. मधलीला वाटलं, आता बंद करेल. त्याने बंद केलं नाही. धाकट्याचा टेम्पो फाटकातून बाहेर पडला तेव्हाही तो तसाच उभा राहून ऐकत होता.